हुसेनचाचांचं सुकं मटण

कोणी शिंकलं की आमचे शेजारी हुसेनचाचा पिंजारी झाडामागं जाऊन उभे राहत. शिंकणारी सख्खी बायको असली तरी. तिथूनच ते जाहीर करत, "हवा बरी नाई!" जावई येणार म्हटलं तरी हवा बरी नसे, जायला निघाला तरी नसे.

त्या वर्षी मात्र केनवडची हवा खरंच बिघडली. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, माणसांच्या काखेत गाठी येऊ लागल्या. प्लेगच्या धास्तीनं आम्ही गाव सोडून शेतात झोपड्या घातल्या. माझी झोपडी नेमकी चाचांच्या शेजारी. नशीब एकेकाचं!

बाजारात माणसं भेटतात आणि माणसांना रोग असतो, म्हणून चाचांनी बाजारच सोडला. घरचा बोकड कापला. मटणाच्या लांब पातळ पट्ट्या केल्या, मीठ, हळद, तिखट चोळलं आणि कापूस पिंजायच्या धनुकलीची तात दोन बाभळींना ताणून तिच्यावर वाळत घातल्या. घारीनं झडप घातली की तात टणकन वाजे आणि चाचा काठी घेऊन धावत. वारा सुटला की दिवसभर धावत.

मी नुसता जवळ गेलो तरी ओरडत, "शिवू नको, तुळशीराम! हात निंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धुतले काय?"

"धुतले ना, चाचा."

"मंग पुन्ना धू. अन् शिवू नको."

मटण वाळून खडखडीत झालं, मडक्यात गेलं. मग एके दिवशी चाची माझ्याकडं आली.

"मडकं रिकामं होऊन राह्यलं, अन् आमाले तुकडा नाई. दुपारी हे कुठं जातेत, पाह्य ना जरा."

चोरून खात असतील, असं वाटून मला हसू आलं. त्या दुपारी मी त्यांच्या मागं निघालो. चाचांच्या नाकाला फडकं, गळ्यात कापराची पुडी, हातात झाकलेलं गाडगं. चाचा चक्क गावाकडं वळले, तेव्हा माझं हसू पळालं.

गाव ओस पडलं होतं. कुत्रंही नव्हतं. मेलेल्या उंदरांचा वास सुटला होता. परत फिरावं असं पावलोपावली वाटत होतं. पुढं चाचा कलमा पुटपुटत, अंग चोरून, गल्लीच्या मधोमध चालले होते.

ते थांबले थोरल्या भावाच्या, कासमच्या दारापुढं. वाटणीच्या भांडणानंतर चाचांनी त्याचं नावही घेतलं नव्हतं. गाठ आल्यानं कासम गावातच मागं राहिला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या दाराशी कोणी फिरकत नव्हतं.

"भाईजान, शोरबा लाया. गोश्त कूट के नरम किया."

उंबऱ्यावर कालचं गाडगं तसंच भरलेलं होतं.

"कल का क्यूँ नहीं खाया, भाईजान?"

आतून नुसतं कण्हणं आलं. चाचांनी पाऊल उचललं तसा मी ओरडलो, "चाचा, आत जाऊ नका! मरसान!"

ते वळले.

"मले लय भेव लागते, तुळशीराम," चाचा म्हणाले. "पण त्याले आत एकट्याले जास्त लागत असन. चाचीले म्हण, माह्या मांगं येऊ नको."

ते आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.