पुतळ्याच्या डोक्याला ताप

पंपघरात दिव्यांचं आणि बटणांचं नवं पॅनल बसवायचं होतं. ते माणसाच्या डोक्याला कितपत झेपेल, हे आधी संगणकातल्या पुतळ्याला विचारायचं ठरलं. पुतळा इंजिनिअर बाईंनी दोन वर्षं खपून घडवला होता. त्याला हात होते, पाय होते आणि डोकं शंभरपैकी किती शिणलं ते सांगायची सोय होती. खऱ्या माणसांत ही सोय नसते. आज चाचणी होती. सध्याचं पॅनल चालवणाऱ्या काकांचा आकडा आणि पुतळ्याचा आकडा जुळला तर बाई नोकरीत कायम, नाही तर महिनाअखेर निरोप.

काकांच्या कपाळाला ताण मोजणारा पट्टा बांधला. पुतळा बासष्ट. काका नऊ.

"काकांना डुलकी लागलीय," साहेब म्हणाले.

"जागा आहे, साहेब. पंप ऐकतोय."

"आणि समोरचे दिवे?" बाईंनी विचारलं.

"ते पाहुण्यांसाठी असतात, पोरी. पंप बिघडायचा असला की आधी कण्हतो."

बाईंनी पुतळ्याला कान बसवले, त्याचं दिव्यांकडे बघणं बंद केलं. पुतळा निमूट नऊवर आला. साहेबांना हे काही पटेना. खात्री करायला ते काकांच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय? ते बटण कशाला? मग आत्ता का नाही दाबलं?"

काका अठ्ठ्याऐंशी. पुतळा नऊच.

"नाही जुळत, मॅडम," साहेब हळहळले.

"पुतळ्याच्या मागे कुणी उभं नाहीये ना, सर."

बाईंनी टेप काढला. साहेबांची उंची घेतली, खुर्चीपासूनचं अंतर घेतलं, मिनिटाला प्रश्न मोजले. चौदा भरले.

"मी तसा कमीच बोलतो, नाही?" साहेब म्हणाले.

बाईंनी पंधरा लिहिले.

पुतळ्यामागे पुतळा-साहेब उभे राहिले. आकडा अठ्ठ्याऐंशीला टेकला आणि पडद्यावर आपोआप शिफारस उमटली: मागील व्यक्तीने दहा फूट दूर उभे राहावे.



"शास्त्र म्हणजे शास्त्र," म्हणत साहेब मोजून दहा फूट मागे गेले. तिथून पंपापुढे त्यांचे प्रश्न पोचेनात, म्हणून ते ओरडून विचारू लागले.

काका चौऱ्याण्णव. बाईंनी पुतळा-साहेबांनाही मागे नेलं, आवाज चढवला. पुतळा चौऱ्याण्णव.

"जुळलं की हो!" साहेबांनी तिथूनच आरोळी ठोकली.

"पोरी, आता त्याला इकडे बसव," पट्टा सोडत काका म्हणाले. "मी पंपापाशी जातो."

सोमवारी बाई कायम झाल्या. कायम झालेल्यांना पंपघराच्या कोपऱ्यात बसावं लागत नाही. त्यांचं टेबल साहेबांच्या खोलीत मांडलं आहे, तोंड भिंतीकडे आणि पाठ साहेबांकडे. मध्ये अंतर चार फूट. खोली अगदी शांत आहे. साहेबांना ओरडावं लागत नाही.