पेडणेकरांची खाडी

भिलाईहून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा. तरी आमच्या टाइम ऑफिसात पेडणेकर दिवसातून एकदा तरी पेन खाली ठेवून जाहीर करायचे, "ओहोटी लागली! आता बायकामाणसां खाडयेत उतरली असतली." तिथीवरून ते भरती-ओहोटीच्या वेळा काढत. साहेब समोर उभा असला तरी ओहोटी थांबत नसे.

कारखाना तेव्हा उभा राहत होता. पहिली भट्टी पेटायची होती. क्वार्टरांना नंबर होते, झाडं नव्हती. पेडणेकर माझ्या शेजारी एकटेच राहत. ते येण्याआधी लोक संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसत आणि मी त्यांना भंडाऱ्याच्या, वैनगंगेतल्या मासोळ्यांच्या गोष्टी सांगे. पेडणेकर आले आणि माझ्या ओट्यावर फक्त धूळ बसू लागली.

त्यांच्या कोकणातल्या गावच्या खाडीत काय नव्हतं! रेतीत हात घातला की ओंजळभर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले. खडकांना चिकटलेली कालवं, तीही शिंपल्यांचीच जात. आणि थंडीत येणारा कालवफोड्या, काळापांढरा, लाल चोचीचा पक्षी. शिंपल्याच्या फटीत चोच सुरीसारखी घालून तो क्षणात शिंपला उघडायचा. पेडणेकर ते बोटांनी करून दाखवत. "मेलो सर्जन!" म्हणत. कोणी दुर्गच्या तलावावरच्या बगळ्यांचं नाव काढलं तर म्हणत, "बगळो? तो कारकून!" आणि हे माझ्याकडे बघून. स्वतःही कारकूनच होते.

एकदा माझी बायको सुशीला म्हणाली, "पेडणेकर भाऊजी बोलते त समुद्र डोयासमोर येते. तुमच्या वैनगंगेत का हाये जी?"

त्या दिवशी मी रागानं जेवलो नाही. तिच्या लक्षातही आलं नाही.

हिवाळ्यात ऑफिसानं मला कामासाठी मुंबईला पाठवलं. मी रजा जोडून घेतली. "पेडणेकर, बोटीनं तुमच्या गावाले जाऊन येतो. घरी काही निरोप?"

त्यांचा चेहरा उतरला. "कशाक उगाच? बोट लागता माणसाक."

मी मनात म्हटलं, सापडला चोर.

बोट लागलीच. खाडी होती, पण तिच्यात ना बायका, ना पक्षी. नुसता ढवळलेला चिखल आणि काठावर चुन्याच्या भट्ट्या. पेडणेकरांची थोरली बहीण, भीमाताई, मला तिथं घेऊन गेली. ठेकेदाराच्या होड्यांनी शिंपले उपसून नेले होते. मेलेले चुन्यासाठी, जिवंत बाजारासाठी, नखाएवढी पिल्लंसुद्धा.

"पक्षी दोन हिवाळे उपाशी फिरले," ती म्हणाली. "मग येणा सोडल्यानी. ठेकेदाराक जागा आमच्या बाबल्यानंच, तुमच्या पेडणेकरांनीच, दाखवलेली. त्याका वाटला, गावाक काम मिळात. मग बायका दारात येऊन रडल्यो. तेव्हापासून तो घराक येवक नाय. सांगा त्याका, मी वाट बघतय."

परतताना मला हसू आवरत नव्हतं, हे कबूल करतो. दुर्ग स्टेशन येईपर्यंत माझी वाक्यंसुद्धा पाठ झाली होती.

संध्याकाळी क्वार्टरांची सगळी लाइन माझ्या ओट्यावर जमली. पेडणेकर सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, स्वतःच्या चपलांकडे बघत उभे होते.

"सांगा न जी," सुशीला म्हणाली, "पाह्यली का खाडी?"

"पाह्यली." मी पेडणेकरांकडे बघितलं आणि पाठ केलेली सगळी वाक्यं कुठं गेली कोण जाणे. "पेडणेकर भाऊ त कमीच सांगून राहिले होते! पाय ठेवाले जागा नाही, इतके शिंपले. अन् तो कालवफोड्या! पन्नासेक तरी असतीन. एकानं त माह्यासमोरच..." आणि मी बोटांनी करून दाखवलं.

लोक वा वा करत होते. कितीतरी दिवसांनी सगळे माझं ऐकत होते, आणि मला मात्र कधी एकदा ते उठून जातात असं झालं होतं.

ते गेले. पेडणेकर थांबले. माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले. खाडीबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही.

"ताई बरी हा?"

"बरी हाये. तुमची वाट पाहून राहिली."

त्या संध्याकाळी मी एवढंच खरं बोललो.

पेडणेकरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांचा रजेचा अर्ज होता. भिलाईत आल्यापासूनचा पहिला. कारणाच्या जागी लिहिलं होतं: घरी जायचे आहे.