पहिल्याच दिवशी सांगावे

ही गोष्ट १९७८ सालची. तेव्हा विद्यापीठात नव्या विभागाला गच्चीलगतच्या खोल्या मिळत, आणि टंकलेखन यंत्राचा खडखडाट ऐकू आला की लोक समजत, काम चाललंय. अशाच दोन खोल्यांत एक केंद्र होतं. साथीचे रोग आणि देशादेशांतले संबंध यांचा एकत्र अभ्यास करायचा, हे त्याचं काम. रोगाचा आणि राजकारणाचा काय संबंध, म्हणून तेव्हा सगळे हसत. आता कुणी हसत नाही.

केंद्रात माणसं तीन. प्रमुख होते तहसर. परराष्ट्रसंबंध शिकवता शिकवता त्यांना अशी सवय लागली होती, की खिडकी उघडी ठेवायची का बंद, यावरही ते दोन्ही पक्षांना मान्य होईल असा मसुदा काढत. म्हणून तह घडवणारे सर, हे नाव. दुसऱ्या होत्या साथरोगांच्या डॉक्टरीणबाई. त्यांना मसुदा या शब्दाचाच तिटकारा. तिसरी टंकलेखिका ताई. ती दोघांचं मुकाट्यानं ऐकून घेई आणि मग कुणाचं टाइप करायचं ते स्वतः ठरवी.

तिघांनी तीन वर्षं एकच प्रश्न धरला होता. साथ आली की सरकारं ती आधी का लपवतात? उत्तर सापडलं होतं. व्यापार बसेल, पाहुणे येणार नाहीत, शेजारी बोट दाखवतील, या भीतीनं लपवतात. पण भीती खोटी असते. पहिल्याच दिवशी सांगणाऱ्याचं काहीही नुकसान होत नाही. हा निबंध शुक्रवारी राजधानीहून येणाऱ्या तपासनीस बाईंपुढे वाचायचा होता. पटला तर केंद्र राहणार, नाहीतर कुलूप. आणि कुलूप लागलं तर तहसरांना जुन्या कॉलेजात परत जावं लागणार होतं. तिथे प्राचार्यांच्या खुर्चीत आता त्यांचा धाकटा मेहुणा बसत होता.

सोमवारी सकाळी तहसरांचे डोळे उघडेनात. बायकोनं एकदाच पाहिलं.

"डोळे आलेत तुमचे. घरी बसा नि तिकडे कळवून टाका."

"जागरण झालंय नुसतं."

"अहो, पहिल्याच दिवशी सांगावं म्हणून तुम्हीच लिहिलंय ना? महिनाभर मला तेच वाचून दाखवताय."

"ते देशांसाठी आहे," तहसर म्हणाले.

बायकोनं वाद घातला नाही. त्यांचा टॉवेल वेगळा काढला, उशीचा अभ्रा उकळत्या पाण्यात टाकला आणि चहाचा कप हातात न देता टेबलावर ठेवून ती लांब सरकली. तहसर काळा चष्मा लावून कामावर गेले.

बुधवारी ताईचे डोळे लाल झाले. डॉक्टरीणबाईंनी तिला दारातच अडवलं, घरी जायला सांगितलं आणि दारावर लगेच सूचना लावा म्हणाल्या. तहसरांची सूचनेला तत्त्वतः हरकत नव्हती. फक्त 'या केंद्रात साथ आहे' ऐवजी 'परिसरात' म्हणावं, इतकंच. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, परिसरात आणखी कुणाला लागलीय? तहसर म्हणाले, ते अद्याप सिद्ध व्हायचं आहे. मग सुरुवात कुणापासून झाली हा मुद्दा निघाला. ताईनं सरांच्या चष्म्याकडे नुसतं पाहिलं. चष्मा हा पुरावा होत नाही, असं सरांनी सांगितलं.

शेजारच्या अर्थशास्त्रवाल्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं, खिडकीही लावली, आणि मसुद्यावर चर्चा सुरू झाली. कागद एक, पेन एक. तहसर एक शब्द खोडत, डोळा चोळत आणि पेन पुढे देत. डॉक्टरीणबाई तो शब्द परत लिहीत आणि विचारात पडल्या की पेन गालाला लावत. ताईला घरी जायचंच होतं, पण टाइप कोण करणार? दिवस कलताना तिघांच्या सहमतीनं मजकूर तयार झाला: 'डोळ्यांची निगा राखणे सर्वांच्याच हिताचे आहे, याची केंद्र नोंद घेत आहे.'

"यात रोग कुठे आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तो अभिप्रेत आहे," तहसर म्हणाले.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईही काळा चष्मा लावून आल्या. नंबर बदललाय म्हणाल्या. साथीच्या डॉक्टरलाच साथ लागली हे पाहुण्यांपुढे बरं दिसलं नसतं.

तपासनीस बाई आल्या. बाहेर आभाळ भरून आलेलं, आत तिघं काळ्या चष्म्यांत. कुणी गेलं का, असं त्यांनी हळूच विचारलं. नाही, ऊन फार आहे, तहसर म्हणाले आणि वाचू लागले. अक्षरं पोहत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. बाईंना वाटलं, विषयाशी फारच एकरूप झालेत. शेवटचं वाक्य संपलं तशा त्या म्हणाल्या,

"पटतंय. पण पहिल्याच दिवशी सांगितलं आणि काही बिघडलं नाही, असं एखादं उदाहरण?"

तीन वर्षांत एकही मिळालं नव्हतं. तहसरांच्या डोळ्यांपुढे मेहुणा आला. मग त्यांनी चष्मा काढला.

"मला डोळे आलेत. या दोघींनाही माझ्यामुळेच. सोमवारी सांगायला हवं होतं, आज सांगतोय. आता काय बिघडतं ते आपण बघूच."

तपासनीस बाई खुर्चीसकट मागे सरल्या. पर्स उचलली, पदर नाकाला लावला आणि नमस्कारही न करता जिना उतरल्या. तासाभरात कुलसचिवांनी गच्चीचा जिना बंद केला. अर्थशास्त्रवाल्यांनी मधल्या दाराला कपाट लावलं. कँटीनवाल्यानं चहा पाठवणं थांबवलं.

पुढच्या महिन्यात अहवाल आला. 'निष्कर्ष साफ चुकीचा आहे. सांगणाऱ्याचे नुकसान होते, हे मी स्वतः पाहिले आणि स्वतःच केले. ते कोणी भरून द्यावे, हे शोधण्यासाठी केंद्रास आणखी तीन वर्षे द्यावीत.'

ताईनं पुढे लग्न केलं आणि टंकलेखनाचे वर्ग काढले. डॉक्टरीणबाई परदेशी एका मोठ्या आरोग्य संघटनेत गेल्या. तिथून निघणाऱ्या त्यांच्या सूचनांमध्ये रोग शोधावा लागतो, म्हणतात. तहसर मानानं निवृत्त झाले. मेहुणा निरोप समारंभाला आला आणि मागच्या रांगेत बसला. त्या भेटीनंतरच्या सोमवारी तपासनीस बाईंच्या डोळ्यांना काय झालं, ते बाईंनी कुणालाच सांगितलं नाही.

केंद्र अजून आहे. दर तीन वर्षांनी कुणीतरी तपासायला येतं आणि निष्कर्ष चुकीचा निघतो. बरोबर निष्कर्ष काढण्याची घाई तिथे आता कुणी करत नाही.