शेवटच्या पानावरचं हळदीचं बोट

आंतोनकाका रिक्षात बसण्याआधी रिक्षावाल्याला खाली उतरायला लावतात आणि मागच्या चाकाचे नट स्वतः तपासतात. माणिकपूरच्या स्टँडवरचे निम्मे रिक्षावाले त्यांना लांबून बघून चहाला निघून जातात. उरलेले निमूट उतरतात. वालीवच्या एका कारखान्यात काकांनी तीस वर्षं माल तपासून पास-नापास केला. नोकरी संपली, तपासणी मात्र चालूच राहिली. दूधवाला, मीटर बघायला येणारा, सोसायटीचा सेक्रेटरी आणि शेजारच्या इमारतीत राहणारी मी, असे आम्ही सगळेच त्यांच्या लेखी अजून नापास आहोत. "संशयाला जागा आहे," हे त्यांचं लाडकं वाक्य. त्यांना मोबाइलवर 'सुप्रभात' पाठवलं तरी उत्तर येतं, "कशावरून?"

मी संध्याकाळी आमच्या छोट्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. गेल्या वर्षी एका शनिवारी काका तिथे आले. हातात पिवळं पडलेलं कार्ड होतं, त्यावर बारा वर्षांत एकही नोंद नव्हती. इन्स्पेक्टर टिपणिसांच्या कादंबऱ्या आहेत का, असं त्यांनी विचारलं. त्या रहस्यकथांवर एके काळी आमचं वाचनालय चालायचं. आहेत, बावीसच्या बावीस आहेत, असं मी सांगितलं.

"पानं पूर्ण आहेत याचा पुरावा काय?"

मी पहिलं पुस्तक पुढे सरकवलं. काकांनी उभ्या उभ्या सगळी पानं मोजली. मग शेवटचं पान उघडून खिशातलं भिंग लावलं, काहीतरी पाहिलं आणि मान हलवून सही केली.

त्यानंतर दर शनिवारी एक पुस्तक, तेही क्रमानेच. एकदा पाचवं बाहेर गेलं होतं म्हणून मी सहावं देऊ केलं, तर मधलं वगळून तपास होत नाही असं मलाच सुनावलं आणि पंधरा दिवस रिकाम्या हाताने परत गेले.

इकडे मलाही संशयाची लागण झाली. परत आलेलं पुस्तक चाळलं, तर शेवटच्या पानावर, बरोबर खुन्याचं नाव येतं तिथे, हळदीचा डाग. बोटाचा. दुसऱ्या पुस्तकात तसाच, तिसऱ्यातही. शिवाय मागे तारखांचे शिक्के मारायचा कागद चिकटवलेला असतो, त्याची एक कड प्रत्येक पुस्तकात उचकटलेली. म्हणजे म्हातारा जेवता जेवता वाचतो आणि वर कागदही ओरबाडतो. आता पाळतच ठेवायची, असं मी ठरवलं. खरं सांगते, मला त्यात मजा यायला लागली होती. पुढची पुस्तकं त्यांच्या हातात देण्याआधी एकदा उघडून बघावीत, एवढी साधी गोष्ट मात्र मला सुचली नाही.

अठरावंही डागासकट परत आलं तेव्हा मी म्हटलं, आता पुरे. एकोणिसावं आधीच खिळखिळं झालं होतं. ते मी सकाळीच वसई गावातल्या बाइंडरकडे पाठवून दिलं होतं आणि हे काकांना जरा ठसक्यातच सांगितलं.

"आणि मागचा तारखांचा कागद?" त्यांनी विचारलं.

"तो फाडून टाकतात. नवा लावतात."

काका काउंटर धरून स्टुलावर बसले. मला वाटलं, सापडला चोर. पण त्यांनी चष्मा काढला आणि हळू आवाजात सगळं सांगितलं.

त्यांची बायको मार्था शाळेत शिकवायची. येताना इथूनच टिपणिसांचं पुस्तक न्यायची. संध्याकाळी प्रार्थना झाली की दोघं आळीपाळीने मोठ्यानं वाचायची. निम्मं पुस्तक झालं की थांबायचं, खुनी कोण ते आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि दोन्ही चिठ्ठ्या त्या तारखांच्या कागदाखाली सरकवायच्या. पुस्तक संपल्यावर उघडायच्या. हरेल त्याने रविवारचा स्वयंपाक करायचा. अठरा पुस्तकं झाली आणि अठराही वेळा काकू जिंकल्या.

"ती स्वयंपाक करता करता शेवटचं पान वाचून घ्यायची. हळदीच्या हातानं. मला पहिल्याच पुस्तकात कळलं होतं."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"कशाला? मी मुद्दाम अशक्य वाटेल तेच नाव लिहायचो."

एकोणिसावं हॉस्पिटलात वाचलं. काकूंना पुस्तक धरवत नव्हतं, म्हणून ते पूर्ण वेळ काकांच्याच हातात होतं. निम्म्यावर दोघांनी चिठ्ठ्या लिहिल्या. चार दिवसांनी काकू गेल्या. त्या गडबडीत भाच्यानं पुस्तक परत करून टाकलं.

"तेवढा एकच अंदाज तिचा स्वतःचा आहे, मॅडम. तो बघायचा होता. पण सरळ तेच पुस्तक मागायचा धीर होईना. म्हणून पहिल्यापासून आलो."

मला माझीच लाज वाटली. मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि काकांना घेऊन रिक्षात बसले. त्या दिवशी त्यांनी नट तपासले नाहीत.

बाइंडरनं पुठ्ठा काढला होता, पण तो कागद अजून जागेवर होता. त्याखाली दोन घड्या हाताला लागल्या. आता उघडा, असं मी म्हटलं, तर काकांनी नकारार्थी मान हलवली. अजून निम्मं पुस्तक वाचायचं होतं. सुटी पानं सुतळीनं बांधून ते घरी घेऊन गेले.

पुढच्या शनिवारी त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. एकीवर थरथरत्या अक्षरात 'माळी' असं होतं. दुसरीवर 'डॉक्टर'.

"मी हरायचं म्हणून डॉक्टर लिहिलं होतं," काका म्हणाले. "नेमका तोच खुनी निघाला. जिंकलो मी. आता रविवारचा स्वयंपाक कोण करणार?"

आमच्याकडे जेवायला या, मला बोंबलाचं कालवण चांगलं जमतं, एवढंच मी म्हणाले. काकांनी डोळे पुसून चष्मा चढवला आणि विचारलं, "कशावरून?"

रविवारी ते अर्धा तास आधीच आले. काखेत विसावं पुस्तक आणि कोऱ्या कागदाचे दोन तुकडे होते. निम्म्यावर आलो की तुम्हीही नाव लिहायचं, असं त्यांनी मला बजावलं आणि पुस्तक ओट्याजवळ ठेवून ते हात धुवायला गेले.

मी बोंबलांना हळद लावत होते. नळाचा आवाज आला, तशी मी हात न पुसताच शेवटचं पान उघडलं.