वाटीला वाटी

साळवेमामांनी वाटीतून भाजी आणून दिली की ते दारातून हलत नाहीत. आपली एक रिकामी वाटी त्यांच्या हातात पडेपर्यंत दोन्ही हात पुढं करून उभे. धुऊन, काहीतरी घालून उद्या देते म्हटलं की म्हणतात, “उद्याचं फौजेत चालत नाय. वाटी दिली, वाटी काढा.”

त्यामुळं माझ्या फडताळात ‘सौ. सुमन साळवे’ नावाच्या वाट्या, आणि लग्नात माझ्या आईनं माझं नाव घालून दिलेल्या वाट्या सुमनमामींच्या मांडणीवर. मी चिडायची. मामी हसत म्हणायच्या, “दे गं बाई, नायतर हे जेवायला बसायचे नाय.”

मामा म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय दलातले निवृत्त हवालदार. मुकुंदवाडीत आमच्या समोरच राहतात. सगळी नोकरी जखमींची ने-आण करण्यात गेली. मी न विचारताच त्यांनी मला सगळी व्यवस्था समजावली. लढाईच्या तोंडाशी प्रथमोपचाराचं ठाणं, त्याच्या मागं मलमपट्टीचं, त्याच्या मागं फिरता दवाखाना आणि सगळ्यात मागं मोठं लष्करी हॉस्पिटल. जखमी मागं मागं न्यायचा, बरा झाला की पुढं, युनिटात धाडायचा. आणि प्रत्येक ठाण्यावर जखमी सोपवताना त्याच्याखालचं स्ट्रेचर, अंगावरचं ब्लँकेट तिथंच ठेवून बदली रिकामं घ्यायचं. का, तर म्हणे, “पुढचा पेशंट येतोय ना, ताई. त्याला काय उघडा निजवू?”

गल्लीही त्यांनी ह्याच साच्यात बसवली. त्यांची ओसरी हे पहिलं ठाणं. पोरांचे फुटलेले गुडघे तिथं. ताप उतरला नाही की “मागं धाडा”, म्हणजे कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं. एकदा माझ्या सासूबाईंना चादरीत गुंडाळून नेलं आणि डॉक्टरांकडं बदली चादर मागत बसले. बाहेर ही रांग! तेव्हापासून बिचारे डॉक्टर टेबलाखाली एक जुनी चादर ठेवतात, खास मामांसाठी.

मागच्या वर्षी मामींच्या पोटात गाठ निघाली. मामांनी त्यांना रीतसर मागं मागं नेलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर, मग शहरातला मोठा दवाखाना, मग पुण्याचं लष्करी हॉस्पिटल. जिथं तिथं ब्लँकेट देऊन दुसरं घेतलं.

एका दुपारी दोघं टॅक्सीनं परत आले. मामा उतरले ते छाती काढूनच. “युनिटात परत धाडलं. फिट!”

मामी मागच्या सीटवर होत्या, लई वाळलेल्या. माझ्याकडं बघून त्यांनी हळूच ‘नाही’ अशी मान हलवली, आणि मला कळलं. डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं, म्हणून घरी न्या म्हणाले होते. पण मामांच्या सगळ्या नोकरीत बरा झाल्याशिवाय कुणी पुढं आलेला नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं, की तसंच वाटून घ्यायचं होतं, हे मला आजही सांगता येत नाही. संध्याकाळी त्यांनी घरोघरी वाटीतून पेढे दिले, बदली वाट्या घेतल्या. माझा पेढा मी तसाच झाकून ठेवला.

दिवाळीच्या आधी मामी गेल्या. बुद्धवंदना झाली. पांढरं कापड पुरे आहे असं सगळे सांगत असताना मामांनी त्यांच्या अंगावर आपलं फौजेतलं ब्लँकेट घातलं. मामींना शववाहिकेत ठेवलं, दार लागलं. मामा त्या दारापुढं दोन्ही हात पुढं करून उभे राहिले, माझ्या दारात राहायचे तसेच.

ड्रायव्हर म्हणाला, काका, पुढं बसा. मामा हलेनात. त्या बिचाऱ्या ड्रायव्हरचा मला उगाचच संताप आला. मी घरात पळत गेले, माझ्या अंथरुणावरचं ब्लँकेट ओढलं आणि आणून त्यांच्या हातांवर ठेवलं.

त्यांनी काठाला काठ लावून त्याची घडी केली आणि ते छातीशी धरलं. ओसरीतल्या रिकाम्या खाटेकडं बघितलं.

“बदली आलं, ताई,” ते म्हणाले. “पण आता पुढचा पेशंट मीच.”