अठ्ठेचाळीस क्रमांकाची दाढ

माणसाच्या तोंडात बत्तीस दात असतात, ही बाब मंजूर आहे. ज्यांच्या तोंडात कमी भरतील त्यांनी तसे लेखी कळवायचे असते, आणि ज्यांची शेवटची दाढ दुखेल त्यांनी नमुना क्रमांक सतरा भरायचा असतो. नमुना सतराचे अधिकृत नाव 'अक्कलदाढ निष्कासनपूर्व रुग्णनिवेदन व माहितीपत्रिका' असे आहे. हे नाव ज्याला एका दमात उच्चारता येते, त्याची दाढ मुळात दुखतच नसते, असा दंतरुग्णालयातल्या डॉक्टरांचा अनुभव आहे.

या नमुन्याचे अंतिम मुद्रित तपासण्याचा मान अकरा वर्षांपूर्वी ज्यांना मिळाला होता, ते तपासनीस एका सोमवारी सकाळी डावा गाल हातात धरून उठले.

प्रपत्रे व नमुने विभागात त्यांची अठ्ठावीस वर्षे झाली होती. पाठीमागे त्यांना 'शुद्धिपत्रक' म्हणत, तोंडावर 'साहेब'. त्यांच्या सेवापुस्तकातला 'त्रुटी' हा रकाना अठ्ठावीस वर्षे कोरा होता. असा रकाना घेऊन निवृत्त होणाऱ्याचे नाव विभागाच्या जिन्यातल्या सन्मानफलकावर लिहायची पद्धत होती. फलक लावल्यापासून त्यावर एकही नाव चढले नव्हते. आता तपासनिसांच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते आणि रंगाऱ्याने पेन्सिलीने अक्षरे आखूनही ठेवली होती. तपासनीस रोज जिना चढताना त्या आखणीतल्या वेलांट्या तपासत.

"लोकांच्या या दाढा विशीत दुखतात. तुम्हाला आत्ता सुचलं," बायको म्हणाली.

"प्रलंबित असेल," तपासनीस डाव्या गालातून म्हणाले.

दंतरुग्णालयाच्या खिडकीत बसलेल्या बाईंनी मान वर न करता नमुना सतरा पुढे सरकवला. तो पाहताच तपासनिसांचा ठणका क्षणभर कमी झाला. आपले अपत्य परक्या गावात भेटावे तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. आत माहितीपत्रिका होती. जबड्यात जागा नसली की ही दाढ तिरकी येते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. सोबत कोणीतरी आणावे. दाढ काढल्यावर थुंकू नये, नळीने काही ओढून पिऊ नये, कारण खळगीत धरलेली रक्ताची गाठ निघून येते आणि मग रुग्णाला आधीचे दुखणे बरे वाटू लागते. तपासनिसांना हे सगळे नवीन होते. पत्रिका त्यांनी एकोणीस वेळा तपासली होती, वाचली एकदाही नव्हती.

शेवटच्या पानावर जबड्याची आकृती होती. तिच्यावर तर त्यांचा विशेष जीव. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या समोर उभे राहतात, त्यामुळे त्यांच्या आकृतीत रुग्णाची उजवी बाजू कागदाच्या डाव्या अंगाला येते. रुग्णालयाने पाठवलेल्या मूळ आकृतीत कागदाच्या डाव्या अंगाला 'उजवी' असा शब्द होता. तपासनिसांनी तो पाहिला, दीर्घ श्वास घेतला आणि लाल पेनाने 'उजवी' व 'डावी' यांची अदलाबदल केली. या दक्षतेबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळाले होते. प्रत्येक दाढेवर छापलेला दोन अंकी आकडा (पहिला अंक जबड्याच्या भागाचा, दुसरा दाताचा) मात्र होता तिथेच राहिला. आकड्यांना ऱ्हस्वदीर्घ नसते, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

"कुठली दुखते?" खिडकीतल्या बाईंनी विचारले.

"डावी. खालची."

"मग उजवीवर खूण करा."

"डावी दुखते म्हटलं मी."

"ऐकलं हो, काका. आकृती उलटी छापलीय. डावीवर खूण केलीत की मी चिठ्ठीवर अठ्ठेचाळीस लिहिणार, आणि अठ्ठेचाळीस म्हणजे तुमची उजवी. आत नंबर बघतात, शब्द कोण वाचतंय? म्हणून सगळे उलटी खूण करतात. नवीन माणूस आला की आम्ही सांगतो."

"आणि सांगायचं राहिलं तर?"

"तर तो माणूस दोनदा येतो." बाईंनी पेनाने भिंतीकडे खूण केली. भिंतीवर चकचकीत फलक होता: 'अक्कलदाढ काढण्याची आधुनिक द्विस्तरीय पद्धत.' खाली दोन हसरी कुटुंबे होती, एकेका टप्प्याला एक.

सोबत आलेल्या बायकोने पदर तोंडाला लावला. "अहो बाई, मग तो फॉर्म दुरुस्त का नाही करत?"

"त्रुटिपत्र आहे ना. रुग्णानंच भरायचं असतं. दुखत असतं तेव्हा त्याला धीर नसतो, आणि एकदा दाढ निघाली की कोण फिरकतंय इकडे?"

"भरलं तर काय होतं?" तपासनिसांनी शक्य तितक्या परक्या आवाजात विचारले.

"छापणाऱ्या खात्यात जातं. मग ज्या कुणी शहाण्यानं ते तपासलं असेल, त्याला हुडकून त्याच्या सेवापुस्तकात नोंद करतात."

तपासनिसांनी दोरीला बांधलेले पेन उचलले. खोटी खूण करून सुटता आले असते. पण खाली त्यांच्याच डोळ्यांखालून गेलेले वाक्य होते: 'वरील माहिती खरी असून नमुना बिनचूक असल्याचे मला मान्य आहे.' त्यांनी 'डावी' या शब्दासमोर ठसठशीत खूण केली.

"काका, उलटी करा म्हटलं ना!"

"नमुना बरोबर आहे," तपासनीस म्हणाले.

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरण चित्र उजेडावर धरले. डावी दाढ शेजारणीच्या अंगावर आडवी पडली होती, मुक्काम वाढवलेल्या पाहुण्यासारखी. उजवी दाढ ताठ, स्वच्छ, निर्व्यसनी होती. डॉक्टरीणबाईंनी चित्र पाहिले, चिठ्ठी पाहिली, पुन्हा चित्र पाहिले.

"चिठ्ठीवर अठ्ठेचाळीस आहे. काका, तुम्हाला बाहेर सांगितलं नाही का?"

"सांगितलं."

"मग? हे बघा, नियम नऊ. चित्र आणि नमुना यांत तफावत असेल तर नमुना ग्राह्य. एकदा मी आपल्या मनानं बरोबर दाढ काढली होती. चार महिने खुलासे देत होते." त्यांनी खणातून एक चिटोरा काढला. "हे त्रुटिपत्र. दोनच ओळी आहेत. सही करा, मी लगेच नंबर बदलते. ज्या गाढवानं ही आकृती उलटी केली त्यालाही एकदा कळू दे."

तपासनिसांच्या डोळ्यांपुढे जिना आला. त्यातला फलक आला. पेन्सिलीने आखलेल्या, रंगाची वाट पाहणाऱ्या वेलांट्या आल्या. डावीकडे कळ उठली ती थेट कानशिलात गेली. दोन ओळी, एक सही, आणि ती कळ संपणार होती.

"नमुना बरोबर आहे," ते म्हणाले.

"अहो, तुमची चांगली दाढ काढतेय मी!"

"नमुन्यात चांगली-वाईट असा रकाना नाही."

डॉक्टरीणबाईंनी त्रुटिपत्र खणात परत टाकले. मग सुई भरली.

दुखरी दाढ वीस मिनिटांत निघते. निरोगी दाढेला पाऊण तास लागला, कारण जागा सोडण्याचे तिला काहीच कारण दिसत नव्हते. शेवटी ती निघाली तेव्हा मदतनीस नर्स हळहळली, "किती छान होती हो!" तपासनिसांनी बधिर ओठांनी काही म्हणायचा प्रयत्न केला. त्यातून फक्त लाळ आली. नोंदवहीत 'शस्त्रक्रिया यशस्वी, नमुन्याबरहुकूम' असे लिहिले गेले. 'बरहुकूम'मधला उकार दीर्घ आहे ना, हे त्यांनी खुर्चीतून मान वाकडी करून पाहिले.

बाहेर बायको उभीच होती. तिने त्यांचा डावा गाल पाहिला, तो फुगलेला. उजवा पाहिला, त्यात कापूस.

"गाल डावा सुजलाय आणि कापूस उजवीकडे?"

बोलायला तासभर मनाई होती. तपासनिसांनी खिशातला कागद काढून लिहिले: 'पहिला टप्पा.'

"तुमच्या डोक्यात काही..." असे म्हणून ती थांबली. भरल्या दवाखान्यात नवऱ्याला बोलायचे नाही, एवढे तिने आयुष्यभर पाळले होते. "चला घरी. मग बघते."

दुसऱ्या टप्प्यासाठी तपासनीस तीन आठवड्यांनी गेले. अठ्ठेचाळीस क्रमांक काढून झाला होता, त्यामुळे नमुन्यात 'डावी' आता रिकामी दाखवत होती. रिकाम्या जागेवर खूण करता येत नाही. उरली 'उजवी'. तिच्यावर खूण केली असती तर दुखरी दाढ निघाली असती. पण उजवी दुखत नाही, ती तोंडातही नाही, हे तपासनिसांना ठाऊक होते, आणि खोटे निवेदन करणे म्हणजे त्रुटी. त्यांनी नमुना कोरा परत केला.

"मग दाढ ठेवणार का काका?" खिडकीतल्या बाईंनी विचारले.

"दोनच आठवडे राहिलेत," तपासनीस म्हणाले. कशाला, ते बाईंना कळले नाही.

निरोपसमारंभात त्यांचे नाव फलकावर रंगवले गेले. उत्तराचे भाषण त्यांना करता आले नाही, कारण तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हते. भारावून गेले, असे सगळ्यांना वाटले. विभागात त्यांनी शेवटचे काम केले ते नमुना सतराच्या नव्या आवृत्तीचे. आकृतीला त्यांनी हात लावला नाही. रुग्णालयाने पाठवलेली एक वाढीव सूचना तेवढी त्यांनी तपासून मंजूर केली: 'दाढ काढल्यानंतरही दुखत राहिल्यास, कोणती काढली याची रुग्णाने स्वतः खात्री करून घ्यावी.' त्यांना ती निर्दोष आढळली.

ती सूचना शेवटच्या पानावर आहे, सहीच्या चौकटीच्या बरोबर वर. त्या चौकटीत तुम्हीही सही केलेली आहे. तपासनिसांची डावी दाढ अजून दुखते.