देवधरभाऊजींचं आकाशातलं आरमार

जरा जवळ सरक बघू. लांबून ऐकलंस तर अर्धं ऐकशील आणि उरलेलं मनानं लावशील. तुझी खोड मला ठाऊक आहे. आणि मी पुण्याला आले की "लखनौमध्ये मराठी माणसं करतात तरी काय?" हा पुणेरी प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. सगळं करतात. महानगर नावाच्या आमच्या वस्तीत भिंतीला भिंत लावून राहणारे देवधरभाऊजी तर संध्याकाळचा चहा झाला की अंतराळात जातात, आगगाडीएवढाली जहाजं उडवतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात.

डोळे मोठे करू नकोस. कॉम्प्युटरवर उडवतात.

भाऊजी मानक नगरला रेल्वेच्या संशोधनात होते. उभा जन्म मालगाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेला. म्हणजे चालतं ते थांबवणं, हाच पेशा. अजून स्कूटर अशी चालवतात की मागून सायकलवाले घंटी मारतात. गल्लीत म्हैस आडवी आली तर स्कूटर बंद करून, खाली उतरून, तिला आधी जाऊ देतात. शेवटी म्हशीलाच संकोच होतो. आणि हा शूर पुरुष हातात जॉयस्टिक नावाचा दांडा आला की चिलटाएवढं विमान घेऊन थेट शत्रूच्या तोफांमध्ये घुसतो!

हे खूळ त्यांच्या मुलानं लावलं. मंदार, एकुलता एक. ऑस्ट्रेलियात असतो. त्याची आई, आमच्या देवधरवहिनी, वारल्या तेव्हा आला होता. जायच्या आधी बापाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला, शेजारी बसून एकेक डावपेच शिकवला आणि गेला. लोक म्हाताऱ्या बापाला स्वेटर देतात, च्यवनप्राश देतात. यानं लढाऊ विमान दिलं.

तेव्हापासून भाऊजींच्या तोंडी एकच वाक्य. "मोठ्याला वळायला वेळ लागतो, वहिनी!" मोठं जहाज दिसलं की पळायचं नाही, त्याच्या अंगाला चिकटायचं, म्हणजे त्याच्या तोफा आपल्यापर्यंत फिरत नाहीत. अंतराळात असेलही खरं. पण भाऊजी ते बँकेला लावतात, सरकारला लावतात, आमच्या ह्यांच्या पोटालाही लावतात.

एकदा अमीनाबादच्या बाजारात आम्हा दोघांबरोबर आले. ईदच्या आधीची गर्दी, मुंगीला वाट नाही. मला जावेसाठी चिकनच्या भरतकामाचे कुर्ते घ्यायचे होते. भाऊजींनी कपड्यांच्या गाठोड्यांनी लादलेला एक ठेला हेरला. "याच्या शेपटीला लागायचं. वाट तो काढेल, जाऊ आपण." आणि माझी पिशवी घेऊन सुसाट निघाले. डावपेच शंभर टक्के यशस्वी झाला. ठेला पोचला, भाऊजी पोचले. फक्त कुठे, ते आम्हाला माहीत नव्हतं. शोधून शोधून आमचे पाय मोडले तेव्हा एका गोदामाच्या दारात हमालांबरोबर चहा पिताना सापडले. वर मलाच म्हणतात, "तुम्ही मागे राहिलात, वहिनी. फॉर्मेशन मोडलंत."

भाजीवाला भैया तर त्यांना कप्तान साहब म्हणतो. "कप्तान साहब, आज कितने गिराए?" असं विचारलं की भाऊजी इतके खूश होतात की भाव करायचं विसरतात. भैया रोज विचारतो. तो काय मूर्ख आहे?

मी एकदा चुकून म्हटलं, "भाऊजी, मला काही कळत नाही बाई त्यातलं." झालं! उठले, माझ्या ओट्यावरून कुकर आणला, टोपलीतून एक लिंबू घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर युद्ध पेटलं. कुकर म्हणजे मोठं जहाज. तोफा वरच्या अंगाला, शिटीकडे. लिंबू म्हणजे भाऊजी. लिंबू गोल गोल फिरत कुकरच्या पोटाखाली गेलं.

"इथे तोफ पोचत नाही. आता त्यानं काय करायचं?"

"भात शिजवायचा," मी म्हटलं.

"कूस बदलायची! आडवं लोळलं की तोफा खाली येतात आणि लिंबाचं सरबत. एवढा एकच उपाय. मंदारनं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

मंदारचं नाव निघालं की आवाज जरा खाली येतो. फोनवर त्या दोघांचं कधी जमलंच नाही. "कसा आहेस?" "ठीक हूँ." "हवा?" "ठीक है." मग दोन्हीकडून फोन ठेवायची घाई. पोरगा लखनौत वाढलेला, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. बोलायची ती आई, ती गेली. तेव्हा आता रविवारी सकाळी बापलेक त्या खेळात भेटतात. मंदार मोठ्या जहाजात, भाऊजी चिलटात. एकच डाव. जहाज पडलं की मंदार उठतो. त्याला मुली आहेत, कामं आहेत. पुढची भेट पुढच्या रविवारी. म्हणून रविवारी सकाळी भाऊजी बारशाला येत नाहीत, साखरपुड्याला येत नाहीत. देव आला तरी बाहेर बसवतील.

आणि देव आलाच की. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन रविवारी आलं. आरतीपर्यंत सगळ्यांचं निभावतं, पण मंत्रपुष्पांजली अख्खी तोंडपाठ असणारा माणूस आमच्यात एकच उरलाय. बाकीचे पहिली ओळ जोरात म्हणतात आणि पुढे नुसते ओठ हलवतात. ताटं लागली, कापूर काढला, भाऊजींचा पत्ता नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू भाऊजींना मीच लपवलंय. मी तरातरा निघाले.

दार उघडंच होतं. भाऊजी पडद्याला नाक लावून. नेसूचं सोवळं, उघड्या अंगावर उपरणं, कपाळावर गंध आणि हातात जॉयस्टिक. स्पीकरमधून मंदारचा आवाज.

"बाबा, कहाँ हो आप? दिख नहीं रहे!"

"शोध, शोध. जेवलास का?"

"हाँ. दाल-चावल."

"वरणभात म्हण रे."

"अच्छा, वरणभात. आई जैसा नहीं बनता, यार."

"हिंग आधी घालतोस का? फोडणीत?"

"बाद में."

"मग कसं होईल! हिंग तेलात फुलायला हवा."

मी पडद्याकडे पाहिलं. भलंमोठं जहाज, आणि त्याच्या बरोबर पोटाखाली आमचे भाऊजी. माझ्यासारखीनंही एका बोटानं पाडलं असतं. मी कानाशी जाऊन कुजबुजले, "अहो, मारा की! बाप्पा खोळंबलाय."

भाऊजींनी माझ्याकडे न बघता मान हलवली. "कोन बसत नाहीये."

कसला कोन! बोट बटणापासून वीतभर लांब, मांडीवर निवांत पडलेलं.

मग मात्र मी तिथेच उभी राहिले. स्पीकरमधून धाकटीचा दात पडल्याचं आलं, मोठी शाळेत मराठी गाणं म्हणणार असल्याचं आलं. भाऊजी हुंकार देत होते आणि चिलट पोटाखाली घिरट्या घालत होतं. आणि ते मोठं जहाज? ते नाकासमोर चाललं होतं, संथ, शहाण्या बैलासारखं. ज्या पोरानं बापाला हा खेळ शिकवला, त्यानं एकदाही कूस बदलली नाही.

भाऊजींनी माईकवर हात ठेवला आणि अभिमानानं मला म्हणाले, "कच्चा आहे अजून. मी कुठे आहे, त्याला पत्ताच नाही."

"नाहीच मुळी," मी म्हटलं आणि दार हळूच ओढून घेतलं.

मांडवात येऊन सांगितलं, भाऊजी येताहेत, तोवर आणखी आरत्या म्हणा. शंकराची झाली, देवीची झाली, दत्ताची झाली, ज्यांचा त्या दिवशी काही संबंध नव्हता अशा देवांच्याही झाल्या. टाळ्या वाजवून हात लाल झाले, आरत्या ओरडून घसे बसले. कोणी "अजून किती?" म्हणालं की मी पुढची आरती सुरू करायची. शेवटी भाऊजी आले, उपरणं सावरत, आणि मंत्रपुष्पांजली अशी खणखणीत म्हटली की रस्त्यावरचे रिक्षावालेही थांबले.

तर तू ये आता लखनौला. दरवेळी पुढच्या सुट्टीत म्हणतेस, आणि ती सुट्टी काही येत नाही. तुझ्यासाठी वरची खोली झाडून ठेवते. भाऊजी तुलाही लिंबू आणि कुकर दाखवतील. दाखवू दे, मध्ये बोलू नकोस. लवकर ये, बाई. घरात हे असले, शेजारी भाऊजी असले, तरी घर फार मोठं वाटतं गं हल्ली.